भट्टीवरचा कान

हिंगणघाटच्या धान्यबाजारामागे एक अरुंद गल्ली आहे. उन्हाळ्यात तेथील एका पत्र्याच्या शेडचे दार पहाटे चारलाच उघडते, कारण दहानंतर त्या शेडमध्ये उभे राहणे कठीण होते. बाहेर वैशाखातला पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो; आतली भट्टी वेगळीच. दार उघडणारा गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावर आहे. शेठजींपासून हमालापर्यंत सारे त्याला मिस्त्रीकाका म्हणतात. बर्नर पेटवण्यापूर्वी तो गॅसच्या जोडांवरून साबणाचे पाणी फिरवतो, बुडबुडे येत नाहीत ना ते पाहतो, ब्लोअर सुरू करतो आणि ड्रम फिरू देतो. वाळू तापायला वेळ लागतो. तेवढ्यात तो आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या हरभऱ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. ओल दाण्यात मुरलेली असावी, हाताला मात्र पाणी लागू नये, एवढीच त्याची परीक्षा.

फुटाणा ही वस्तू इतकी स्वस्त आणि इतकी ओळखीची आहे की तिच्यामागे काही विद्या असेल असे खाणाऱ्याला वाटत नाही. प्रत्यक्षात तिला किमान दोन दिवस लागतात. हरभरा आधी चाळणीने आकारवार वेगळा करावा लागतो. मोठा आणि बारीक दाणा एकत्र गेला तर बारीक करपतो आणि मोठा कच्चा राहतो. मग पहिली हलकी भाजणी, त्यानंतर पाण्याचा हबका, मीठ आणि हळद, आणि झाकून ठेवलेली विश्रांती. या विश्रांतीत दाण्यातील ओल सालीपासून गाभ्यापर्यंत सारखी होते. दुसऱ्या भाजणीत तापलेल्या वाळूत दाणा फार थोडा वेळ असतो. आतल्या ओलीची वाफ होते, साल सुटते, दाणा फुगतो आणि तडकतो. पुढे रोलरवर साल निघते, चाळणीवर वाळू. सगळ्याच हरभऱ्याचा फुटाणा सारखा होत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे गुलक-१ सारखे गुलाबी हरभऱ्याचे वाण फुटाणे आणि डाळे यांच्यासाठीच नावाजलेले आहेत. मात्र वाण उत्तम, वाळू स्वच्छ आणि गॅस भरपूर असूनही दुसऱ्या भाजणीतले काही क्षण चुकले की दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

ते क्षण मिस्त्रीकाका कानाने ओळखत असे. प्रथम एखादा दाणा तडकतो, मग चार-पाच, मग पावसाची सर पत्र्यावर यावी तशी तडतड दाट होते आणि थोड्याच वेळात विरळ होऊ लागते. विरळ होऊ लागण्याच्या त्या वळणावर झडप उघडायची. आधी उघडली तर गाभा ओला, नंतर उघडली तर कडवट. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्याने ती झडप कानाच्या हुकुमावर उघडली.

हा कान त्याला हिंगणघाटात मिळाला नव्हता. त्याचे मूळ गाव समुद्रपूर तालुक्यात, वायगावच्या शिवारालगत. वायगावची हळद या भागाची जुनी मिरासदारी आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्यातील कर्क्युमिनचे प्रमाण वगैरे छापून आले. गावाला तिचा रंग आणि वास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. शेतातून निघालेली हळद मोठ्या कढईत उकळायची, फेस येऊन तिचा ठरावीक दर्प सुटला की उतरवायची आणि पातळ थरात दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची. ओली हळद शंभर किलो असेल तर वाळून हाती वीस-पंचवीस किलोच येते. वाळली की नाही हे पाहायला गावात कोणतेही यंत्र नव्हते. कांडी कानाजवळ धरायची आणि मोडायची. ओली असेल तर ती नुसती वाकून तुटते. वाळलेली असेल तर धातूवर टिचकी मारावी तसा टणत्कार होतो. मिस्त्रीकाकाच्या वडिलांनी तो सहा-सात वर्षांचा असताना त्याला हे शिकवले होते.

जैन घरांना वाळवण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आले आणि ओली हळद अनंतकाय म्हणून ज्या स्वयंपाकघरात येत नाहीत, त्याच घरात सुंठ आणि हळदपूड निःशंकपणे वापरली जाते. खाखरे, मिठाई यांची कालमर्यादाही पुष्कळ श्वेतांबर घरांत अद्याप मोजली जाते: हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. दिगंबर घरांत पिठासाठी हेच गणित ७, ५ आणि ३ दिवसांचे. आजच्या अन्नशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हवेतली ओल वाढली की कोरडा पदार्थ ती शोषून घेतो आणि एका मर्यादेपलीकडे त्यावर बुरशी धरते. आपल्या पूर्वसूरींनी जीवदयेच्या अंगाने जे ऋतुमान बांधून दिले, त्याच ऋतुमानाने भट्टीवरच्या माणसाचे कामही बदलते.

मिस्त्रीकाका सोळाव्या वर्षी हिंगणघाटला आला तो एका भाडभुंज्याच्या हाताखाली. मातीची भट्टी, वर लोखंडी कढई, कढईत काळी पडलेली वाळू, हातात झारा. शेठजींच्या वडिलांची तेव्हा धान्याची आडत होती आणि त्या भाडभुंज्याला हरभरा त्यांच्याकडूनच जाई. भाडभुंज्याची मुले दुसऱ्या उद्योगांना लागली, भट्टी थंडावू लागली, तेव्हा उधारीपोटी ती जागा आडतीकडे आली आणि जागेबरोबर हा मुलगाही आला. व्यापारी घराण्यांत पुष्कळ उद्योग असेच येतात, ठरवून कमी आणि उधारीतून जास्त.

पुढे वीस-बावीस वर्षांपूर्वी कढई जाऊन गॅसचा फिरता ड्रम आला. त्यासाठी कर्ज काढले. अशा प्रस्तावाचा एक ठरलेला नमुना असतो. रोस्टर, ग्रेडर, रोलर, बर्नर यांच्या किमती दरपत्रकासह येतात. कच्चा माल किती, खेळते भांडवल किती, परतफेड किती हप्त्यांत, हे सारे तक्त्यात बसते. माणसे एका ओळीत आटोपतात: कुशल कामगार २, अकुशल ५. त्या दोन कुशलांपैकी एकाच्या कानावर संपूर्ण प्रकल्पाची परतफेड उभी आहे, हे लिहायला त्या नमुन्यात रकाना नाही. आयकर नियमांप्रमाणे यंत्रसामग्रीचा घसारा वर्षाला १५ टक्के धरतात. माणसाच्या घसाऱ्याला दर ठरलेला नाही.

कढई गेली तेव्हा धूर गेला आणि डोळे वाचले, यात शंका नाही. लाकडाच्या भट्टीवर आयुष्य काढलेल्या त्याच्या उस्तादाला अखेरीस पायरी दिसत नव्हती. परंतु धुराच्या जागी आवाज आला. ब्लोअरची घरघर, ड्रमच्या साखळीची करकर, तापलेल्या लोखंडावर सतत घासणारी वाळू, रोलरचा खडखडाट आणि हे सारे पत्र्याखाली. समोरासमोर उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागे. मिस्त्रीकाका त्या गदारोळातून दाण्यांची तडतड वेचून काढी, जशी आई लग्नघरातल्या कलकलाटातूनही आपल्या लेकराचे रडणे ओळखते. आठ-नऊ तास, हंगामात बारा. कानात कापसाचा बोळादेखील त्याने कधी घातला नाही. घातला तर हरभरा ऐकू कसा येणार?

शेठजींचा मोठा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्याने ड्रमला तापमानाचे पॅनल बसवले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. एका माणसाच्या कानावर व्यवसाय ठेवता येत नाही, माल दर वेळी सारखा निघाला पाहिजे, आणि उद्या मिस्त्रीकाका आजारी पडला तर काय? पॅनलवर आकडा लावायचा, ठरलेल्या मिनिटांनी घंटा वाजेल, झडप उघडायची. काका पॅनलकडे पाही, मान डोलवी आणि झडप मात्र आपल्याच वेळेला उघडी. यावरून तीन वर्षे कुरबुर चालली.

“काका, घंटा झाली ना? मग थांबले कशाला?”

“भैया, घंटा तुमची झाली. चन्याची अजून व्हायची हाय.”

मुलगा चिडे, शेठजी दोघांमध्ये पडत, आणि माल चांगला निघत असल्यामुळे प्रकरण तेथेच राही.

मग एका पावसाळ्यात ही कुरबुर अचानक थांबली. घंटा झाली की झडप उघडू लागली. मुलाने ते पाहिले, घरी जेवताना सांगितलेही की काकांना अखेर शिस्त पटली. पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यांत मागणी मोठी होती; माल भराभर निघत होता. पंधरवड्याने एका घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. पंचवीस किलोची चाळीस पोती परत येत होती. फुटाण्याला कुबट वास येत होता, काही पोत्यांत दाण्याच्या चिरेत पांढुरकी बुरशी धरली होती.

कारण शोधायला अवघड नव्हते. पॅनलचा संवेदक ड्रममधल्या हवेचे तापमान सांगतो, दाण्याच्या गाभ्यात काय चालले आहे हे तो सांगत नाही. उन्हाळ्यातला हरभरा कोरडा असतो; आषाढ-श्रावणात तोच हरभरा गोदामात ओल धरून बसलेला असतो. हवेचा आकडा तोच, मिनिटेही तीच, पण आधी जास्तीची ओल उडून जायला जी अधिक उष्णता लागते ती मिळालीच नाही. वरून साल सुटली, रंग आला, गाभा ओलसर राहिला. पूर्वीच्या पावसाळ्यांत घंटेनंतर काका जो थांबत असे, तो याचसाठी. आजवर पॅनल बरोबर ठरत आले, कारण त्याची चूक रोज कोणीतरी निमूटपणे दुरुस्त करत होते.

परत आलेल्या मालाचे काय करायचे, यावर घरात पहिली बैठक झाली. बाजारात अशा मालाची वाट सर्वांना माहीत असते. पुन्हा एकदा कडक भाजायचा, तिखट-मसाला लावायचा आणि लांबच्या बाजारात काढायचा. मुलाने ती वाट सुचवली नाही, पण ती आहे एवढे बोलून गेला. शेठजींनी नकार दिला. बुरशी म्हणजे अनंतकाय, तिला पुन्हा भट्टीत घालणे हे एक. आणि काही बुरशांचे विष नेहमीच्या भाजण्याने पूर्णपणे जात नाही, हे दुसरे. भुईमुगात, मक्यात आढळणाऱ्या अफ्लाटॉक्सिनविषयी आता व्यापारीही वाचून असतात. सारा माल वेगळा काढून कोरड्या, सावलीच्या जागी जयणेने परठला. नुकसान वहीत नुकसान म्हणूनच लिहिले गेले. बाजारात हे कळले आणि तो घाऊक व्यापारी तुटला नाही, हे येथेच नोंदवलेले बरे.

त्यानंतर मुलगा शेडमध्ये गेला तो जाब विचारायला. इतकी वर्षे घंटेला न जुमानणारा माणूस नेमका याच पावसाळ्यात घंटेप्रमाणे का चालला? त्याला वाटले होते की काका आपल्यावर सूड उगवत आहे. मशीन बंद होते, शेडमध्ये शांतता होती. काका पायरीवर बसला होता. तो बराच वेळ बोलला नाही.

“मले आयकू येत नाही भैया. तुमचं बोलनं येते. चना नाही येत.”

चैत्रात तो गावी गेला होता. भावाच्या अंगणात हळद वाळत होती. त्याने सवयीने एक कांडी उचलली, कानाजवळ धरून मोडली आणि म्हणाला, अजून ओली आहे, चार दिवस राहू दे. भाऊ हसला. त्याने दुसरी कांडी मोडून दाखवली. अंगणातल्या पोरांनीही टणत्कार ऐकला. काकाला हातात कांडी मोडल्याचे फक्त कळले. त्या दिवशी त्याला सारे उमगले. तेव्हापासून चार महिने त्याने ही गोष्ट घरात सांगितली नाही आणि शेठजींनाही नाही. सांगितली असती तर भट्टीवरून काढतील, ही भीती. भट्टीवरून काढलेल्या साठीच्या माणसाला दुसरे कोण ठेवणार? म्हणून तो घंटेला शरण गेला.

शेठजी त्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात घेऊन गेले. १९६९ साली तेथे देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचेच हे रुग्णालय. काचेच्या खोलीत बसवून दोन्ही कान तपासले, आलेख काढला. डॉक्टरांनी तो दाखवून समजावले. खालच्या पट्टीतले आवाज, म्हणजे माणसाचे बोलणे, गाडीचा हॉर्न, बऱ्यापैकी ऐकू येतात. रेषा उंच पट्टीकडे गेली की खोल दरीत कोसळते. सततच्या यंत्राच्या आवाजाने जाणारा कान असाच जातो. आधी बारीक, उंच आवाज हरपतात, आणि बोलणे ऐकू येत असल्यामुळे वर्षानुवर्षे माणसाला पत्ता लागत नाही. गेलेले परत येत नाही. श्रवणयंत्राने बोलण्याला मदत होईल, पण ब्लोअरच्या घरघरीतून हरभऱ्याची तडतड ते वेगळी काढून देईल याची खात्री नाही. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडील कारखान्यांसाठीची मर्यादा. त्या शेडमध्ये आवाज कधी कोणी मोजलाच नव्हता.

मोजणार तरी कोण? सात माणसांचा तो उद्योग. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० माणसांपासून पुढे, कामगार राज्य विमा १० माणसांपासून पुढे. अटल पेन्शनसाठी चाळिशीच्या आत नाव घालावे लागते, ती वेळ केव्हाच टळली होती. शेठजींनी सात जणांचाही पंतप्रधान सुरक्षा विमा उतरवला होता, बँकेतून दर वर्षी हप्ता कापला जातो. त्याची कलमे मुलाने गाडीतच मोबाइलवर वाचली. अपघाताने डोळे, हात किंवा पाय गेल्यास भरपाई लिहिलेली आहे. कान लिहिलेले नाहीत, आणि तीस वर्षांत थोडा थोडा जाणारा कान अपघातातही बसत नाही.

परतताना ते वर्ध्यात थांबले. वर्ध्याला जाऊन गोरस भांडारचा गोरसपाक न घेता परतणे या जिल्ह्यातल्या माणसाला जमत नाही. गाईच्या तुपातले ते बिस्किट हातात धरले तरी भुगा होते, म्हणून डबा मांडीवर ठेवून न्यावा लागतो. काकाने एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ जिभेवर ठेवला आणि म्हणाला, भट्टी चांगली राखली आहे त्यांनी. त्याच्या तोंडून दिवसभरात निघालेले हे पहिलेच वाक्य होते.

त्याच वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ सालापासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे लंडनला शिकलेले हिशेबनीस. वस्तू कोणत्या परिस्थितीत तयार झाली याची जबाबदारी ती विकत घेणाऱ्यावरही येते, किंमत चुकती केल्याने ती संपत नाही, असे ते हिशेबाच्या अंगाने मांडत. आज मगनवाडीच्या त्याच आवारात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. लहान उद्योगांना यंत्रे सुचवणारी माणसे तेथे भेटतात. शेठजींना हे सारे ठाऊक होते. त्यांच्या दुकानात संघाच्या जुन्या घाणीच्या तेलाच्या आठवणी निघत. पण त्या दिवशी त्यांच्या मनात मगनवाडी नव्हती, घरी दादीजींना काय सांगायचे हे होते.

दादीजी म्हणजे शेठजींच्या मातोश्री, पंचाऐंशी वर्षांच्या. सायंकाळचे प्रतिक्रमण त्यांनी सासरी आल्यापासून चुकवलेले नाही. सातव्या व्रताच्या अतिचारांत श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने येतात. उपासकदशांगातील आनंद श्रावकाच्या अध्ययनात ती सांगितलेली आहेत, आणि त्यांतले पहिलेच अंगारकर्म. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात अंगारजीविकेचा अर्थ उलगडताना कोळसे पाडणे, कुंभार-लोहारांची भट्टी, विटा भाजणे यांच्याबरोबर भ्राष्ट्राचे, म्हणजे धान्य भाजण्याच्या भट्टीचे, स्पष्ट नाव घेतले आहे. दादीजींनी योगशास्त्र वाचलेले नव्हते, पण अतिचारांची नावे त्यांना तोंडपाठ होती. चाळीस पोत्यांची आणि कानाची हकिकत त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग हळू आवाजात विचारले,

“रोज मिच्छा मि दुक्कडं आपण म्हणतो. भट्टीपुढे उभा तो राहतो. आपण म्हटल्याने त्याचे काय फिटते?”

कोणी उत्तर दिले नाही. मुलगा म्हणाला की भट्टी बंद करायची का? सात घरांच्या चुली तिच्यावर आहेत. दादीजी म्हणाल्या, बंद कर म्हटले का मी? त्यांना उत्तर हवे होते की केवळ प्रश्न विचारायचा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. येथे व्यापारी कुटुंबातल्या वाचकाला आपापले उत्तर सुचेल. काही घरांनी पूर्वी असे धंदे सोडलेही. काही घरे केवळ भांडवल घालतात, काम दुसरा करतो आणि दोष त्याच्या खात्यावर पडतो असे मानतात. शास्त्रात मात्र करणे, करविणे आणि अनुमोदन हे तिन्ही मोजले जाते, आणि नफा तर सरळ वहीतच दिसतो.

पुढच्या महिन्यात काही गोष्टी झाल्या. ब्लोअर आणि मोटर शेडबाहेर वीटबंदीच्या खोलीत हलवले, त्याला जो खर्च आला तो चाळीस पोत्यांच्या नुकसानापेक्षा थोडा कमीच होता, आणि तो वीस वर्षांपूर्वी का केला नाही याला कोणाकडेही सयुक्तिक कारण नव्हते. रोलरजवळच्या माणसांसाठी कानाच्या गुड्या आणल्या. मिस्त्रीकाकाचा पगार काम असो वा नसो चालू राहील, असे शेठजींनी तोंडी सांगितले. मुलाने ते कागदावर उतरवून सह्या घेतल्या, कारण शेठजींनंतर त्या शब्दाचा साक्षीदार कोण? मुलाने पॅनलमध्येही फरक केला. घाण भट्टीत जाण्याआधी हरभऱ्यातली ओल मोजण्याचे छोटे यंत्र आणले आणि ओलीप्रमाणे मिनिटे किती वाढवायची याचा तक्ता काकाच्या शेजारी बसून तयार केला. तक्त्यात मुलाच्या अक्षरात आकडे आहेत आणि समासात काकाने सांगितलेल्या खुणा: ढगाळ दिवस, नवे पोते, वाळू बदलली तेव्हा.

तरीही तक्ता पुरत नव्हता. म्हणून पाखडणीवर काम करणाऱ्या बाईची बारावी झालेली मुलगी काकाच्या हाताखाली दिली. भट्टीवर मुलगी, यावर गल्लीत थोडी चर्चा झाली. काकाने तिला पहिले आठ दिवस भट्टीजवळ येऊच दिले नाही. गावाहून आणलेली हळद तिच्यापुढे ठेवली, काही कांड्या वाळलेल्या, काही मुद्दाम एक रात्र ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. डोळे मिटून मोडायची आणि सांगायचे. ती दहापैकी दहा सांगू लागली तेव्हा त्याने तिला ड्रमपाशी उभे केले.

कार्तिकातल्या एका पहाटे शेठजी शेडमध्ये डोकावले. ब्लोअर बाहेर गेल्यामुळे आत आता पुष्कळच शांत होते. घंटा वाजून गेली होती. मुलगी मान किंचित कलती करून उभी होती. काकाचा डावा तळहात ड्रमच्या पुढच्या पत्र्यावर, जाड फडक्यावरून टेकलेला होता. दाण्यांची थरथर हाताला कितपत कळते ते तो अलीकडे पाहत असे. उजवा हात झडपेच्या दांड्यावर. दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते.

“बोलून राह्यला का?” काकाने विचारले.

“बोलून राह्यला.”

“दाट?”

“दाट हाय अजून, काका. थांबा.” ती थोडा वेळ गप्प राहिली. “आता.”

काकाने दांडा ओढला.